गळ्यापासून खालचा माणूस

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच कानावर पडेल आणि उरलेली अर्धी तुम्ही आपल्या मनाने रचाल. तसं व्हायला नको. कीर्तन सुरू करण्याआधी बुवा एकदा मान वळवून बघून घेतात, टाळकरी आहेत ना, पखवाज लागला ना. तसं बघून घेतलं. आता सांगतो. गोष्ट एका मुलीची आहे आणि एका हाताची. ऐकून तुमचा हात आपोआप आपल्याच दुसऱ्या हाताला चाचपेल. चाचपू द्या.

तळवड्यात आयटी पार्कच्या काचेच्या इमारती संपतात, पत्र्याच्या शेडांची रांग सुरू होते, आणि त्या रांगेतून आत वळलं की जुनं गाव लागतं. तिथे दत्तोबांचं घर. दत्तोबा दिवसभर चाकणला कंपनीत आणि संध्याकाळी गावच्या देवळात टाळ घेऊन उभे. त्यांची एकुलती एक मुलगी तनुजा विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. विषय ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स.

दत्तोबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची तनू कार्टूनचं शिकती."

"कार्टून नाही हो अप्पा."

"मंग काय शिकती?"

"जे नाही ते आहे असं दाखवायचं. आणि जे आहे ते नाही असं."

"मंग असं म्हन की, राजकारनाचा कोर्स हाय!"

पाहुणे हसायचे आणि तनुजाही हसायची. पण काम मोठं चिकाटीचं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. पडद्यावरच्या माणसाच्या मागे किंवा पुढे एखादी नसलेली वस्तू बसवायची तर आधी त्या माणसाच्या कडा प्रत्येक चित्रात कापून घ्याव्या लागतात. त्याला रोटो म्हणतात. हात असेल तर पाचही बोटं वेगवेगळी कापायची, कारण बोटं एकमेकांवरून सरकतात. वर्गातली मुलं रोटोला कंटाळायची. तनुजा कंटाळायची नाही. तिला ते नामस्मरणासारखं वाटायचं. तेच ते, पण दर वेळी लक्ष देऊन.

दत्तोबांच्या मागच्या दोन खोल्यांत मारुतराव आणि त्यांच्या पत्नी शालनबाई भाड्याने राहत. मूळचे परभणीकडचे. बावीस वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी इकडे आले आणि चाकणच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागले. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं यंत्र. दिवसभर तो दणका ऐकायचा आणि संध्याकाळी देवळात येऊन पखवाज मांडीवर घ्यायचा. काय हात होता हो! बुवांनी चाल उचलली की मारुतराव डोळे मिटायचे, डाव्या हाताने धुमा घुमायचा आणि उजव्या हाताची बोटं शाईवर अशी नाचायची की देव नुसता उभा कसा राहतो याचं नवल वाटावं. तनुजा रांगत होती तेव्हापासून हा आवाज भिंतीपलीकडून ऐकत आली होती.

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बोटांचं ते नाचणं थांबलं. प्रेस अवेळी खाली आली. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

सगळं गाव हळहळलं. तनुजा दवाखान्यात जाऊन आली, बाहेरच्या बाकावर बसून रडली, आणि मग परीक्षा आली, प्रोजेक्ट आलं. आयुष्य कुणासाठी थांबतं?

जानेवारीत शेखर सरांनी तिला बोलावलं. शेखर सर विद्यापीठात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येत, आणि तळवड्यातच त्यांचा छोटा स्टुडिओ होता. त्या स्टुडिओत शिरायला अख्खा वर्ग टपलेला.

"एक शॉट आहे," सर म्हणाले. "कारखान्यातल्या सुरक्षेची ट्रेनिंग फिल्म आहे. नट घेऊन शूट केलंय. लुक मुद्दाम सीसीटीव्हीसारखा ठेवलाय. मशीनला पिवळ्या जाळीचं दार बसवायचं. गार्ड म्हणतात त्याला. कामगाराचा हात मशीनच्या उजव्या अंगाला जातो ना, तिथे असं वाटलं पाहिजे की तो दार ढकलून उघडतोय."

"म्हणजे काय करू नये ते दाखवायचंय?"

"बरोब्बर. हा शॉट चांगला झाला तर जूनपासून इथेच ये कामाला."

तनुजा घरी आली ती नाचतच. तिला मारुतकाका आठवले. अशी फिल्म बघून एका माणसाची बोटं जरी वाचली तरी शिकल्याचं सार्थक, असं तिने देवासमोर हात जोडून म्हटलंसुद्धा. खरंच म्हटलं. आई ऐकत होती.

शॉट साडेअकरा सेकंदांचा. चित्रात माणूस गळ्यापासून खाली दिसत होता. निळा शर्ट, हातात कापडी मोजे. उजवा हात मशीनच्या अंगाला लागत होता, मग चौकटीच्या वर निघून जात होता आणि परत खाली येत होता. सर म्हणाले, वर जातो तो भाग आम्ही गाळू, तू फक्त दाराचं बघ. तनुजाने अकरा दिवस घेतले. अंगठा लाल, तर्जनी हिरवी, मधलं बोट निळं, अनामिका जांभळी, करंगळी केशरी, असे रंग देऊन एकेक बोट एकेका चित्रात कापलं. दारावर गंज हवा म्हणून घरामागच्या मोरीच्या खिडकीची जाळी मोबाइलवर टिपली आणि तिचा गंज, तिचा पोचा, तिची एक वाकलेली तार जशीच्या तशी पिवळ्या दारावर चढवली. सरांनी वर्गासमोर पाठ थोपटली. म्हणाले, "हे दार खोटं आहे असं मलाही सांगता येणार नाही."

नियम असा होता की काम दिलं की मूळ चित्रण पुसून टाकायचं. तशा कागदावर तिने सही केली होती. पण या धंद्यात नोकरी मागायला जाताना आपलं काम थराथराने उलगडून दाखवावं लागतं: आधी मूळ चित्रण, मग कापलेल्या कडा, मग चढवलेली वस्तू, शेवटी पुरं चित्र. त्याला ब्रेकडाउन म्हणतात, आणि तो नसेल तर कुणी विचारत नाही. तनुजाने तो बनवून गुपचूप ठेवून दिला. सगळीच मुलं ठेवतात.

फेब्रुवारीत गावचा सप्ताह बसला. मारुतराव रोज येऊन खांबाशी बसायचे. उजवा हात पंच्याखाली. पखवाजाला आळंदीहून दुसरा गडी आणला होता. चांगला वाजवायचा, पण दत्तोबांचा टाळ दोनदा चुकला. शनिवारी सकाळी काल्याचं कीर्तन झालं, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला गेला. मारुतराव मात्र त्या दिवशी आले नव्हते. आईने तनुजाच्या हाती वाटी दिली. "जा, काकांना देऊन ये."

मारुतराव खाटेवर बसले होते. डाव्या हातात मोबाइल.

"ये तनुताई. बरं झालं आलीस. दत्तोबा म्हणले, तनूला दाखवा, तिला चित्रातलं कळतंय." त्यांनी मोबाइल पुढे केला. "कंपनीच्या साहेबानं पाठवलंय. त्या दिवसाचं हाय. साहेब म्हणायलेत, गार्ड होता, तुम्हीच उघडलात. सोमवारी जाऊन तसं लिहून द्यायचं हाय. माझी चूक म्हणून."

"गार्ड होता का काका?"

"तेच तर आठवायलं नाही! ऑडिटवाले यायचे तवा गार्ड चढवायचे, गेले की उतरवायचे. गार्ड असला की पीस कमी निघतेत ना. त्या दिवशी चढवलेला होता का उतरवलेला? दणका बसला आन् डोक्यातलं सगळं पुसून गेलं बघ. पण कॅमेरा कशाला खोटं बोलंल? तू बघ फक्त. ह्यात काही खोट दिसती का?"

तनुजाने मोबाइल हातात घेतला.

निळा शर्ट. कापडी मोजे. उजवा हात मशीनच्या अंगाला लागतो. पिवळं दार हलतं, उघडतं. दारावर गंज. डाव्या कोपऱ्यात पोचा. एक तार वाकलेली.

आणि या वेळी वर चेहरा होता.

मारुतकाकांचा चेहरा होता हो! तिने अकरा दिवस ज्याचा गळ्यापासून खालचा भाग पाहिला, त्या माणसाला आता डोकं होतं, कपाळावर बुक्का होता. तनुजाच्या हातातली वाटी कलंडली आणि दही फरशीवर सांडलं. तिला ते कळलंही नाही. तिला फक्त त्या खोलीच्या मागच्या खिडकीची जाळी दिसत होती, खरी, मोरीची, तोच पोचा, तीच तार. ती त्या तारेकडेच बघत राहिली.

मारुतरावांनी तिचं गप्प राहणं पाहिलं आणि मान हलवली.

"नाही ना खोट? मला वाटलंच. माझीच घाई. बावीस वर्षं मी दुसऱ्यांला सांगायलोय की घाई करू नका. देवानं दाखवून दिलं." आणि आत आवाज दिला, "अगं, ऐकलं का? तनू बी तेच म्हणायली."

ती काहीच म्हणाली नव्हती. पण आता तिच्या नावावर ते जमा झालं होतं.

दुपारी ती स्टुडिओत पोचली तेव्हा शेखर सर डबा खात होते.

"सर, तो गार्डचा शॉट, शून्य चार शून्य नंबरचा. तो शॉट खरा आहे. तो नट नाही. ते आमच्या मागच्या खोलीत राहतात."

सरांनी उठून दार लावलं. "शांत हो. क्लायंटने मलाही ट्रेनिंग फिल्म म्हणूनच सांगितलं."

"मग डोकं कापून का दिलंत मला?"

सरांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तू मूळ चित्रणाची प्लेट डिलीट केली होतीस ना?"

या एका प्रश्नात तनुजाला सगळं उत्तर मिळालं. चूक झालेला माणूस आधी 'अरे देवा' म्हणतो. पुरावा राहिला का, असं आधी विचारत नाही.

"केली," ती म्हणाली.

"गुड. तू हुशार आहेस. उगाच भावनेच्या भरात करिअर घालवू नकोस. करारावर सही तुझी आहे. काम तुझं आहे. उद्या प्रकरण निघालं तर पहिलं नाव कुणाचं येईल, विचार कर."

ती रस्त्यावर आली. सिग्नलला रिक्षावाला हँडल धरून बसला होता. तिने त्याची बोटं मोजली. चहाच्या टपरीवरच्या माणसाची मोजली. स्वतःची मोजली. सगळ्यांची दहा-दहा होती, आणि तरी तिला पुन्हा मोजावीशी वाटत होती.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेली. मारुतरावांना भेटायला बुद्धरत्न आला होता. लातूरकडचा, दोन लेकींचा बाप, मारुतरावांच्या हाताखाली शिकलेला आणि आता त्याच प्रेसवर उभा राहणारा. दत्तोबा उंबऱ्यात चप्पल काढत होते. शालनबाई भाकरी थापत होत्या. तनुजा ठरवून आणलेली वाक्यं सगळी विसरली आणि एकच म्हणाली.

"काका, ते दार मी बसवलंय."

"कुठलं दार?"

"मोबाइलमधलं. ते नव्हतंच. मी बसवलं. मला माहीत नव्हतं तुम्ही आहात."

थापायचा आवाज थांबला. दत्तोबा एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. "तू? आगं, तू केलं त्ये?"

"व्हय अप्पा. मीच केलं."

तिने लॅपटॉप उघडला. पहिला थर: मूळ चित्रण. निळा शर्ट, मशीन, आणि मशीनला दार नाही. गार्ड नाही. काही नाही. बुद्धरत्न वाकून बघत होता, तो एकदम सरळ झाला. "काका! लिमिट स्विचला तार बांधलेली दिसतीया बगा! गार्ड नसताना बी मशीन चालावी म्हणून!"

मग दुसरा थर आला. काळ्या पडद्यावर फक्त हात. अंगठा लाल, तर्जनी हिरवी, मधलं बोट निळं, अनामिका जांभळी, करंगळी केशरी. पाच बोटं काळोखात हलत होती. हात पुढे गेला, नसलेल्या मशीनला टेकला, वर उठला, चौकटीबाहेर गेला, आणि परत खाली आला.



मारुतरावांनी पंचा बाजूला केला. जखमेच्या कातडीने गुंडाळलेला तो पंजा पुढे आला, खाटेच्या लाकडाला टेकला, आणि वर उठून त्यांच्या कपाळाला लागला. ते त्यांनी ठरवून केलं नाही. हाताने केलं.

"नमस्कार हाय हा," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "शिफ्ट चालू करायच्या आधी मी मशीनीला नमस्कार करतो. रोज. बावीस वर्षं. दार नाही उघडलं मी. मी पाया पडलो होतो."

शालनबाई पीठ भरल्या हातांनी उठून आल्या. त्या रडल्या नाहीत. त्या तनुजासमोर उभ्या राहिल्या.

"अकरा दिवस बघत व्हतीस ना गं या हाताकडं? याच हातानं तुला उचलून देवळात नेलेलं, ताप आलता तवा. वळखू नाही आला?"

हातमोजे होते म्हणावं, तर मोज्याआतला हात तोच होता. डोकं कापलं होतं म्हणावं, तर डोकं नसलेला माणूस तिला अकरा दिवस चालला होता. माणूस समोर होता आणि तिने फक्त कडा पाहिल्या.

मारुतराव म्हणाले, "पुन्हा लाव."

तिने लावलं. त्यांनी सहा वेळा बघितलं. कोणतं बोट कुठे आहे ते ते डाव्या हाताने पडद्यावर दाखवत राहिले, जसं एखादा जुन्या फोटोत हे आपले अमुक, हे आपले तमुक असं दाखवतो.

मग त्यांनी बुद्धरत्नाकडे पाहिलं. "आता गार्ड हाय का रे?"

"नाही काका. गेल्या आठवड्यात ऑडिट झालं तवा लावला, दुसऱ्या दिवशी काढला. आता सगळे म्हणायलेत की चूक मारुतरावाची होती, मशीन चांगली हाय."

"उद्या कोण हाय तिच्यावर?"

"पहिल्या शिफ्टला मीच की."

मारुतराव तनुजाला काही म्हणाले नाहीत. कुठे चल म्हणाले नाहीत, कुणाला दाखव म्हणाले नाहीत. तिचं शिक्षण, तिची ठरलेली नोकरी, सगळं त्यांना दत्तोबांच्या तोंडून माहीत होतं. त्यांनी पंज्यावर पंचा ओढून घेतला आणि भिंतीकडे बघत बसले. तेच तिला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दत्तोबांनी लेकीकडे पाहिलं. "तनू, मी अडानी मानूस. मला एवढंच सांग. ह्ये दाखवलं तर तुझं काय व्हईल?"

"नोकरी जाईल. कदाचित निकालही अडकेल. पोलिसांत जायला लागलं तर तेही आहे."

"आन् न्हाई दाखवलं तर?"

तिने बुद्धरत्नाच्या हातांकडे पाहिलं. त्याने ते नकळत खिशात घातले.

सोमवारी दहा वाजता तनुजा, दत्तोबा आणि मारुतराव कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी कार्यालय शोधत पोचले. तिथल्या अधिकारी बाई आधी म्हणाल्या, अर्ज द्या, नंतर बघू. तनुजाने तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला. बाईंनी पहिला थर पाहिला, शेवटचा पाहिला. मग हातातलं पेन ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. चार वेळा पाहिलं. एकदा तर उलटं चालवून पाहिलं.

"माझ्या आयुष्यात मी असं बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"मी."

"लिहून द्याल? तुमच्याविरुद्धही जाऊ शकतं."

"देते."

खाली सही करताना तिला आपलं नाव दोनदा लिहावं लागलं, पहिलं वाचता येत नव्हतं. ती लिहीत असतानाच बाई फोनवर कुणाला तरी गाडी काढायला सांगत होत्या.

सव्वाबाराला दत्तोबांचा मोबाइल वाजला. बुद्धरत्न. मागे कसलाही दणका ऐकू येत नव्हता.

"दत्तोबा, काकांना सांगा. मशीन बंद केली. सील मारायलेत. मी बाहेर उभा हाय, झाडाखाली. काय बी झालं नाही मला."

मारुतरावांनी फोन डाव्या हाताने कानाला धरला आणि तो बंद झाल्यावरही बराच वेळ तसाच धरून ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. मारुतरावांनी त्या कागदावर सही केली नाही. चौकशी अजून चालू आहे. शेखर सरांच्या स्टुडिओला कुलूप आहे आणि सर म्हणतात की मुलीने आपणहून केलं. विद्यापीठाने तनुजाचा निकाल राखून ठेवला आहे. शालनबाई तिच्याशी अजून बोलत नाहीत. समोर आली की वाट देतात, तेवढंच. तनुजा रोज लॅपटॉप उघडते आणि मिटते. परवा तिची आई म्हणाली, पोरगी जेवताना माझ्या हाताकडे बघत बसते हो, घास तसाच राहतो.

कोण चुकलं, किती चुकलं, त्याचा न्याय करायला बसलेले आहेत. ते करतील. माझं मागणं लहान आहे. देवापुढे बसाल, दोन्ही हात जोडाल, बोटाला बोट लागेल, तेव्हा तळवड्याच्या तनुजाची एकदा आठवण काढा. कुणी विचारायला आलं नसतं, तिला गप्प राहता आलं असतं. ती 'मी केलं' म्हणाली. आणि अजून तिला झोप लागत नाही. तिची आठवण काढा.